आकडा अमान्य आहे

हा-मोजाकी दवाखाना
३ मे २०१३

मोख्वेन्याना त्सेलिसो, म्हणजे आमचे एकुलते एक जावईबापू,

तुझी बायको, म्हणजे माझी धाकटी बहीण केनेइल्वे, पोचली. औषधांच्या गाडीत न्ताते सेखोबेने, आपल्या ड्रायव्हरकाकाने, तिला पुढच्या सीटवर बसवून आणलं. वाटेत दोनदा ओकली, आणि उतरल्या उतरल्या आईकडे आंबील मागितली. आता बाळ होईपर्यंत ती आईच्या ताब्यात. पहिलटकरीण माहेरी आली की तिच्या तब्येतीचं नवऱ्याला कळवत नाहीत, हे तुला मसेरू शहरात राहून विसरायला झालं असेल म्हणून आठवण करून देते. आईने मला दम भरलाय. तू इकडे फिरकू नकोस आणि मला खोदून खोदून विचारू नकोस.

आता भांडणाचं. तू दिलेलं ते मशीन. गरोदर बायांच्या नोंदी वहीऐवजी त्यात भरायच्या, ठीक आहे, भरते. पण बारीकशी चूक झाली की ते पडद्यावर एवढी मोठी तांबडी पाटी टाकतं. ‘आडनाव भरलेलं नाही.’ ‘गावाचा क्रमांक चुकला.’ ‘आकडा अमान्य आहे.’ अरे, माझ्याकडे खोली एकच. मी टेबलाशी आणि रांगेतल्या बाया माझ्या पाठीमागे बाकावर. तांबडं दिसलं की बाकावर कुजबुज सुरू होते, हिचं रक्त खराब निघालं, हिला तो रोग आहे. परवा एका पोरीच्या गावाचा क्रमांक चुकला. सासू उठली आणि तिला तिथेच टाकून घरी चालती झाली. मी दारातून ओरडून सांगतेय की बाई, क्रमांक चुकलाय, रक्त नाही. कोण ऐकतंय? ती पोर त्यानंतर तपासायला आलेली नाही.

ते तांबडं काढ. कसं ते तू बघ, शिकलेला तू आहेस.

टॉवरच्या बॅटऱ्या परत चोरीला गेल्यात, तेव्हा फोनची वाट बघू नकोस. पत्र गाडीबरोबर.

तुझी ताई, म्हणजे औसी सेबोलेलो


मसेरू
१० मे २०१३

औसी,

काढलं. न्ताते सेखोबेंच्या हातात एक छोटं कार्ड दिलंय, ते मशीनला लावा आणि बंद करून परत चालू करा. आता चूक झाली तर पानाच्या वरच्या बाजूला बारीक राखाडी अक्षरात एक ओळ येईल, ती तुम्हालाच दिसेल, बाकावरून वाचता येणार नाही. नोंद भरून झाली की हिरवी खूण. हिरव्याला तरी कुणी नावं ठेवणार नाही ना?

घाई झाली, कारण गाडी निघत होती. दोन खोट्या बायांच्या नोंदी भरून पाहिल्या, दोन्ही झक्क साठल्या. साहेबांना कल्पना इतकी आवडली की सगळ्या डोंगरी दवाखान्यांना हेच कार्ड पाठवायला सांगितलं. तुमच्या भांडणाचं सोनं झालं म्हणायचं.

बाकी सगळं पूर्वीसारखंच. तुमच्या नोंदी गाडीबरोबर जिल्ह्याला जातील, डॉक्टर इलुंगा त्यातून धोक्याची यादी काढतील, आणि ज्या बाईचा रक्तदाब चढलाय तिला आणायला पुढच्या खेपेला मोठी गाडी येईल.

मी काही विचारत नाही. मे, म्हणजे तुमच्या आई, रागावतील. फक्त आंबील पोटात राहते की नाही, तेवढं एका शब्दात.

त्सेलिसो


हा-मोजाकी
३१ मे २०१३

मोख्वेन्याना,

राहते. झाला एक शब्द.

तुझं कार्ड लावलं आणि खोलीत शांतता झाली बघ. हिरवं, हिरवं, हिरवं. बाकावरच्या बाया आता पडद्याकडे बघून माना डोलावतात, जणू मी त्यांना परीक्षेत पास करतेय. सासूने टाकलेली ती पोरसुद्धा परत आली. तुझी ती राखाडी ओळ मला एकदाही दिसली नाही. म्हणजे एवढ्या नोंदींत माझी एकही चूक नाही, हे तुझ्या साहेबांना अवश्य सांग.

ओढ्यापलीकडची मापुलेंग आली होती. हसतमुख बाई, चौथी खेप. दाब मोजला तर वरचा आकडा एकशे नव्वद. दुसऱ्या हातावर मोजला, तोच. मी भरला, हिरवी खूण आली, आणि तिला सांगितलं की सामान बांधून ठेव, पुढच्या खेपेला तुला न्यायला येतील. तिचा नवरा मोखाची घोडा घेऊन आला होता, म्हणाला, आत्ताच नेऊ का खाली? मी म्हटलं, घोड्यावर आदळत कशाला नेतोस, डॉक्टरांना कळवलंय, गाडी येईल.

तुझी बायको मजेत आहे. अंग भरलंय. बूट पायात जाईनात म्हणून आईने आमच्या बाबांचे गमबूट दिलेत, ते घालून अंगणात फिरते. कोंबड्या घाबरतात तिला.

सेबोलेलो


मसेरू
७ जून २०१३

औसी,

गमबुटांचं वाचून मी ऑफिसात एकटाच हसत बसलो. मसेरूत चिमणीसारखी खायची ती. माहेरच्या आंबिलीने अंग धरलं म्हणायचं. सोबत दोन माप मोठे लोकरी बूट पाठवतोय, तिला सांगा की बाळ झाल्यावर मी तेच घालून फिरेन.

जून म्हणजे आपला हिवाळा, घाटात थंडी वाढतेय असं न्ताते सेखोबे म्हणाले. सरपण आहे ना?

त्सेलिसो


हा-मोजाकी
२१ जून २०१३

त्सेलिसो,

मापुलेंग गेली.

मागच्या खेपेला गाडी आली ती नुसती औषधं घेऊन. मोठी गाडी नाही, आणि डॉक्टरांकडून ‘या बायांना पाठवा’ म्हणून जी चिठ्ठी येते, तिच्यात तिचं नाव नाही. मी दोनदा वाचली. मग मनाशी म्हटलं, एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी आकडा पाहिलाय, त्यांना धोका वाटत नसेल. मी कोण शहाणी? रविवारी चर्चमधून येताना ती रस्त्यात पडली. दात आवळले, डोळे फिरले. मी पोचेपर्यंत तिसरा झटका येऊन गेला होता. बाळही गेलं. मोखाची तिच्याजवळ मातीत बसला होता आणि मला विचारत होता, गाडी कधी येणार. बाई गेल्यावरही तो तेच विचारत होता.

मला भीती वाटतेय. इथे हे बोलायला कुणी नाही म्हणून तुला लिहिते. आणखी एक पोर आहे माझ्याकडे, पहिलटकरीण. मागच्या पंधरवड्यात तिचा आकडा एकशे शहाऐंशी, आज एकशे चौऱ्याण्णव. तोंड सुजलंय, डोकं ठणकतं, डोळ्यापुढे ठिणग्या उडतात म्हणते. दोन्ही वेळा मी मशीनमध्ये भरलं, दोन्ही वेळा हिरवं. आणि आज गाडीबरोबर आलेल्या चिठ्ठीत तिचंही नाव नाही.

तू जिल्ह्याला जाऊन डॉक्टर इलुंगांना तोंडावर विचार, ते यादी बघतात तरी का? की आमच्या डोंगरातल्या बाया त्यांना माणसं वाटत नाहीत? गोड बोलू नकोस, माझं नाव सांग.

सकाळपासून खिंडीवर ढग उतरलाय. न्ताते सेखोबे म्हणतो, आता बर्फ पडणार, हिवाळ्यापुरती ही खेप शेवटची असेल.

सेबोलेलो


खिंडीच्या पायथ्याचं दुकान
२४ जून २०१३

औसी,

हे पत्र घेऊन येणारा माणूस मेंढपाळ आहे, त्याचा घोडा बर्फात चालतो. गाड्या बंद आहेत. मी इथवर आलोय आणि पुढे जायला मला कुणी घोडा देत नाही. मला नीट बसता येत नाही हे त्यांना दिसतं.

डॉक्टरांना शिव्या देऊ नका. मी त्यांच्यापुढे तुमचं नाव घेऊन ओरडलो, तेव्हा त्यांनी यादी माझ्यासमोर ठेवली. मापुलेंगच्या नावापुढे एप्रिलमधला एकशे तीस. त्यानंतर काही नाही. एकशे नव्वद तिथे कधी पोचलाच नाही. त्यांनी मला विचारलं, तुझं यंत्र काय करतं? मी तिथेच, त्यांच्या टेबलावर, माझं काम उघडून बसलो.

काय झालं ते सांगतो. एकेका बाईची नोंद ही आमच्याकडे एक वस्तू असते. तिला ‘साठव’ म्हटलं की ती आधी स्वतःला तपासते, नाव आहे का, क्रमांक बरोबर आहे का, आकडा मर्यादेत आहे का. काही चुकलं तर ती साठत नाही, आणि काय चुकलं ते स्वतःच्या पोटात ठेवते. ते तिच्या पोटातून काढून पडद्यावर दाखवणं हे माझं काम. तुमची तांबडी पाटी म्हणजे तेच होतं. नवीन कार्डात मी तिला ‘साठव’ म्हटलं, पण साठलीस का, हे विचारलंच नाही. लगेच पान नव्याने उघडलं आणि हिरवी खूण लावली. नव्या पानाला नवी कोरी वस्तू लागते. जुनी वस्तू तिच्या पोटातल्या तक्रारीसकट फेकली गेली. तुमची राखाडी ओळ त्या कोऱ्या वस्तूच्या पोटात शोधत होती. तिथे काय मिळणार?

आणि मर्यादा. कुणीतरी एकदा एकशे वीसच्या जागी बाराशे भरलं होतं, म्हणून मी एकशे ऐंशीच्या वरचा आकडा चूक समजायला सांगितलं होतं. हे मी कुठल्याही डॉक्टरला विचारलं नव्हतं. मला वाटलं, त्याच्यावर माणसाचा दाब जात नसेल. औसी, म्हणजे बऱ्या बायांच्या नोंदी साठल्या, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांच्याच तेवढ्या फेकल्या. प्रत्येक वेळी हिरवी खूण लावून.

मी पूर्वी तपासलं तेव्हा दोन खोट्या बाया भरल्या होत्या. दोघी ठणठणीत होत्या.

बाकी दवाखान्यांना फोन लागले. दोन बायांना काल आणलं, जिवंत आहेत. तुमच्याकडेच फोन नाही. फेकलेल्या वस्तूंचा मागमूस राहत नाही, त्यामुळे ती पहिलटकरीण कोण हेही मला इथून शोधता येत नाही. ती जी कोण असेल तिला आत्ता खाली आणा. घोड्यावर, दारावर घालून, खांद्यावर, कसंही. डॉक्टर इलुंगांनी मोठी गाडी माझ्याबरोबर दिलीय, ती इथे दुकानाशी उभी आहे. सुई कुठली द्यायची ते त्यांनी मागच्या बाजूला लिहिलंय.

एक शब्द मोडला. यादी समोर होती म्हणून मी केनेइल्वेचं नाव शोधलं. मेमधला एकशे वीस. तेवढी एक ओळ वाचून माझी भीती जरा ओसरली. तिला यातलं काही सांगू नका, उगाच घाबरेल.

त्सेलिसो


हा-मोजाकी
२५ जून, सकाळ

त्सेलिसो,

तो एकशे वीस ती आली त्या दिवसाचा आहे.

ती पोर तुझी आहे. आईला शब्द दिला होता म्हणून नाव लिहिलं नाही. गमबूट ती अंग भरलं म्हणून घालत नव्हती, पाय सुजले होते. ते मी हसत हसत लिहिलं, आणि तू हसलास. मला वाटलं होतं, मशीनला सांगितलंय, डॉक्टरांना कळलंय, नवऱ्याला कशाला घाबरवायचं.

पहाटे तिला पहिला झटका आला. डॉक्टरांनी लिहिलेली सुई माझ्याकडे एकच होती, दिली. आता गुंगीत आहे, मला ओळखत नाही. आई म्हणत होती, अशा दिवसांत पोरीला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. मी आईवर जन्मात पहिल्यांदा ओरडले.

चार माणसं लागणार, तीन मिळाली. चौथा मोखाची आला. मी बोलावलं नव्हतं, मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मापुलेंगला पुरून आठवडा झालाय. त्याने एवढंच विचारलं की हिचाही आकडा मोठा आहे का, आणि डोक्याकडची बाजू धरली.

मेंढपाळ पुढे दौडत येतोय, आम्ही मागून. तू बर्फात चढून येऊ नकोस. तू पडलास तर तुला उचलायला माझ्याकडे माणूस नाही. गाडीचं इंजिन चालू ठेवायला सांग आणि आत घोंगड्या पसर. मला देवाकडे मागायला दुसरं काही सुचत नाहीये, तेवढं तू कर.

सेबोलेलो


मसेरू
१९ जुलै २०१३

औसी,

तुम्ही परत गेल्यापासून मी दोनदा पत्र लिहायला बसलो आणि उठलो.

केनेइल्वे आता माझं नाव घेते. उजव्या डोळ्याने अजून धूसर दिसतं, येईल म्हणतात. मुलगी काचेच्या पेटीतून बाहेर आली. माझ्या तळहाताएवढं तोंड आहे तिचं, आणि रडते मात्र आजीसारखी, मे मासेबोलेलोंसारखी. पहिली मुलगी झाली की बापावर बादलीभर पाणी ओततात, ते दवाखान्यात तुमच्याकडून राहिलंच. थंडीत मला मारायचं नव्हतं म्हणून राहिलं की रागाने, हे मी विचारत नाही.

मला झोप येत नाही. डोळे मिटले की हिरवी खूण दिसते.

साहेब म्हणाले, चूक कुणाच्याही हातून होते. मला ते ऐकवलं नाही. नवीन कार्ड पाठवतोय. आता नोंद साठली नाही तर तीच नोंद तिच्या तक्रारीसकट त्याच पानावर उभी राहील, आणि ती वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मोठा आकडा आता फेकला जात नाही. यंत्र एकदा अडवेल, दुसऱ्यांदा तोच भरला तर घेईल आणि यादीत सगळ्यात वर ठेवेल. या वेळी मी आजारी बाया भरून पाहिल्या. दिवसभर तेच केलं.

फक्त पाटीवर काय लिहायचं ते मला सुचत नाही. ‘आकडा अमान्य आहे’ हे शब्द मी परत लिहू शकत नाही. रंगही तुम्हीच सांगा.

मोखाचीला माझ्याबद्दल काय सांगितलंत?

त्सेलिसो


हा-मोजाकी
९ ऑगस्ट २०१३

त्सेलिसो,

रंग तांबडाच. बारीक नको, आंधळ्यालाही दिसेल एवढा.

आणि लिही, ‘दाब फार चढलाय. दुसऱ्या हातावर मोज. तेवढाच आला तर गाडीची वाट बघू नकोस, घोडा काढ.’ असंच लिही, माझ्या बोलीत, कारण मला तसंच सांगितलेलं कळतं. तुझं नवं कार्ड येईपर्यंत ही पाटी मी कागदावर रंगवून मशीनशेजारी ठेवलीय. एकशे ऐंशीवर आकडा गेला की मीच ती बाकासमोर धरते.

बाकाचं मी मिटवलं. सगळ्या बायांना बसवून सांगितलं की तांबडं म्हणजे तो रोग नव्हे, तांबडं म्हणजे मशीन घाबरलंय, आणि ते घाबरलं तर आपणही घाबरायचं. एक म्हातारी म्हणाली, मग मागे ते घाबरत का नव्हतं? मी म्हटलं, मीच त्याला गप्प बसायला सांगितलं होतं. सांगणारी मी आणि ऐकणारा तू. तुझ्यावर सगळं ढकलायला मला जमणार नाही, आणि तूही सगळं एकटा उचलून बसू नकोस. घरात पोर आहे, तिला झोपलेला बाप लागतो.

मोखाचीला सगळं खरं सांगितलं, तुझ्या नावासकट. आधी ठरवलं होतं, नाव नको सांगायला. पण त्याने केनेइल्वेला डोक्याकडून धरून बर्फातून खाली नेलंय, त्याच्याशी खोटं बोलवेना. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, म्हणजे माझ्या बायकोचा आकडा मशीनने वाचला होता? मी म्हटलं, हो, वाचला होता. म्हणाला, आणि चूक आहे म्हणालं? मी म्हटलं, हो. मग टोपी घालून उठला. तुला शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

तू आलास की आधी त्याच्या घरी जायचं. मी बरोबर येणार नाही.

तेव्हापासून तपासणीच्या दिवशी तो सकाळीच येतो. बाकावर बायांच्या टोकाला बसतो, घोडा बाहेर खांबाला बांधलेला. पडद्याकडे बघत राहतो. बाया आधी अवघडल्या, आता त्याला जागा करून देतात. मी त्याला म्हटलं, अरे, दर वेळी कशाला येतोस, घरी पोरं आहेत. म्हणाला, बघतो.

काल एका बाईचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी आला. दुसऱ्या हातावरही तोच. मी ती पाटी वर धरली. मागे वळून पाहिलं तर बाकाच्या टोकाला कुणी नव्हतं. तो बाहेर घोड्यावर खोगीर घालत होता.

सेबोलेलो